आजीची आठवण कशी ठेवावी?

धम्मदीक्षा घेतलेल्या घरातली आजी गेली की चार-आठ दिवसांत एक प्रश्न दारात उभा राहतो. शेजारीपाजारी विचारतात, "दहावं-तेरावं नाही, पिंड नाही, कावळा नाही; मग म्हातारीसाठी तुम्ही करणार तरी काय?" घरातली तरुण मुले बावीस प्रतिज्ञांकडे बोट दाखवून गप्प बसतात. श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही, ही प्रतिज्ञा बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या समाजाला दिली. ती आपण पाळलीच पाहिजे. पण काय करायचे नाही एवढेच कळून घरातले दुःख शांत होत नाही. बंधुभगिनींनो, काय करायचे याचाही विचार आपण केला पाहिजे.

हे दुःख नवे नाही. कोसलचा राजा पसेनदी याची एकशे वीस वर्षांची आजी वारली, तेव्हा तो तथागतांकडे आला. आजी त्याची फार लाडकी होती. हत्ती, घोडा, गाव, सारा मुलूख देऊन ती वाचली असती तर मी ते दिले असते, असे तो म्हणाला. तथागतांनी त्याला ना दोष दिला, ना कोणता विधी सांगितला. कुंभाराची मडकी कच्ची असोत की भाजलेली, ती शेवटी फुटतात. तसेच प्राणिमात्राचे आहे, म्हणून माणसाने कुशल कर्म करावे, एवढेच सांगितले. संयुत्त निकायातल्या या सुत्ताचे नावच 'अय्यिका' आहे, म्हणजे आजी. आपला 'आजी' हा शब्द त्याच कुळातला.

मग कोणी विचारील, आत्माच नाही तर आजीचे मागे उरते काय? याचे उत्तर ज्याने दिले त्या भिक्खूचे नाव छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, नागसेनवनाला आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तिथे सुरू केलेले महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तर देणारा भिक्खू. काहीही एका देहातून दुसऱ्या देहात न जाता पुनर्जन्म कसा, असे राजाने विचारले. एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्यातून काही निघून दुसऱ्यात जाते काय? लहानपणी गुरूकडून तू श्लोक शिकलास, तो गुरूला सोडून तुझ्याकडे आला काय? नागसेनाने असे उलट विचारले आणि राजाला पटले.

आता आपल्या आजीकडे पाहा. पहाटे जात्यावर बसून तिने ओवी रचली. ती ऐकून लेक शिकली, लेकीची नात शिकली. आजीजवळचे काही कमी झाले नाही, पण दिवा लागला. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांनी बाबासाहेबांवर आणि बुद्धावर ओव्या गायिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी अशा बायांच्या, ज्यांना शाळा ठाऊक नव्हती. आपल्या आजीची ओवी मात्र कोणी लिहून घेतली नसेल, तर ती तिच्याबरोबर गेली. पिंडाला कावळा शिवला असता तरी ती परत आली नसती.

आजीच्या दातृत्वाचेही असेच. आपल्याच भागातले पैठण ही सातवाहनांची राजधानी. त्या घराण्यातल्या गौतमी बलश्रीने नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातले लेणे भिक्षुसंघाला दान दिले. आज ते तिसऱ्या क्रमांकाचे लेणे म्हणून ओळखतात. लेखात ती राजाची आई आणि राजाची आजी म्हणवली आहे. सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमणारी म्हटली आहे. तिचा नातू राजा पुळुमावी याने काय केले? आजीची सेवा घडावी, तिला आनंद व्हावा, म्हणून त्या लेण्यासाठी एक गाव दिले. आजीने जे आरंभिले त्याला नातवाने हात लावला, आणि तो तिच्या मरणाची वाट पाहत बसला नाही.

पण तो लेख पुरता वाचा. त्यातच तिच्या मुलाची, गौतमीपुत्राची, थोरवी सांगताना त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबवली असेही अभिमानाने कोरले आहे. भिक्षुसंघाला लेणे देणारा हात आणि चातुर्वर्ण्याचा अभिमान एकाच दगडावर आहेत. आपण तिचे दान घ्यावे आणि तो अभिमान नाकारावा.

आपल्या घरातल्या आजीबद्दलही एवढा खरेपणा पाहिजे. दीक्षेच्या दिवशी पांढरे लुगडे नेसून ती त्रिशरण म्हणाली, आणि नातवाला ताप भरला तेव्हा तिच्या मनात मरीआईचे भयही आले असेल. जन्मभराचे भय एका दिवसात जात नाही. ते लपवून तिला देवी करू नका. फोटोला नारळ फोडून नवस बोलू लागलो, तर टाकून दिलेले देव्हारे आपणच पुन्हा मांडले असे होईल. तिने काय सोसले, काय सोडले आणि काय सोडता आले नाही, हे मुलांना खरे सांगा. सम्यक् वाचा मेलेल्या माणसाविषयीही पाळायची असते.

तेव्हा पुण्यानुमोदनाच्या दिवशी नुसत्या जेवणावळीवर खर्च करू नका. तिच्या ओव्या, तिची औषधे, तिच्या गोधडीची टाक्याची रीत वहीत उतरवा. तिने दारातल्या उपाशी माणसाला भाकर दिली असेल, तर तिच्या नावाने एका गरजू मुलीची वह्या-पुस्तके करा. ते दान तिला पोचणार नाही; ते त्या मुलीला पोचेल, आणि देणारा तिच्यासारखा होईल. आणि ज्यांची आजी अजून हयात आहे, त्यांनी आज संध्याकाळीच वही घेऊन तिच्याजवळ बसावे.