उवांना आसरा लाजेचा

"हिच्या डोक्यात उवा आहेत, हिच्या शेजारी बसू नका." भरल्या वर्गात हे ऐकलेली मुलगी ते जन्मभर विसरत नाही. बोलणाऱ्या बाई किंवा गुरुजी दुष्ट असतात असे नाही. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग सांभाळताना ते तोंडून निघून जाते. पण त्या एका वाक्याने वर्गातली एकही ऊ मरत नाही. उलट त्या दिवसापासून वर्गातली प्रत्येक आई आपल्या मुलीच्या डोक्यातल्या उवा लपवू लागते. शाळकरी मुलांच्या डोक्यात उवा पुन्हा पुन्हा होतात, याचे पहिले कारण मी या लपवाछपवीला मानतो. औषध आणि फणी त्यानंतर.

ऊ कशी जगते हे घराघरांत ठाऊक असते तर निम्मी लाज तिथेच गळून पडली असती. तिळाएवढा जीव, सहा पाय, प्रत्येक पायाला केस पकडणारी आकडी. ती उडत नाही, उडी मारत नाही. या केसावरून त्या केसावर चालत जाते, आणि त्यासाठी बहुतेक वेळा दोन डोकी एकमेकांना टेकावी लागतात. शाळकरी मुलांची डोकी टेकणारच. एका पुस्तकात दोघी वाचतात, एका मोबाइलवर चौघे वाकतात, सुट्टीत आजोळी गेले की पाच भावंडे एका गोधडीत झोपतात. मुलींमध्ये उवा जास्त दिसतात, कारण मैत्रिणी गळ्यात हात टाकून, डोक्याला डोके लावून बसतात. केस रोज धुतलेले असोत की आठवड्याने, उवेला फरक पडत नाही. तिला हवे असते माणसाचे रक्त आणि डोक्याची ऊब. डोक्यावरून खाली पडली तर ती एक-दोन दिवसांत मरते.

उवांनी रोगाची साथ पसरते ही भीतीही डोक्यातल्या उवांच्या बाबतीत खरी नाही. चार्ल्स निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1909 मध्ये ट्युनिसमध्ये दाखवून दिले की टायफस हा जीवघेणा ताप उवा पसरवतात. त्या कामासाठी 1928 चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. पण ती ऊ अंगावरच्या कपड्यांच्या शिवणीत राहणारी, शाळेच्या बाकावर भेटते ती नव्हे. डोक्यातल्या उवांचा त्रास वेगळा आहे आणि तो कमी लेखू नये. रात्रभर खाज सुटते, झोप मोडते, सकाळी वर्गात डोळे मिटतात. खाजवून झालेले ओरखडे पिकतात, कानामागे आणि मानेवर गाठी येतात. असे पोर अभ्यासात मागे पडले की "लक्षच देत नाही" हा शेरा तेवढा लिहिला जातो.

आता लाजेचा विचार करू. उवा झाल्या की आपण त्याचा हिशोब माणूस पाहून मांडतो. डॉक्टरांच्या किंवा मास्तरांच्या मुलीला झाल्या तर म्हणतो, "कुठून तरी लागल्या." तांड्यावरच्या, पालावरच्या, भंगार वेचणाऱ्या घरातल्या मुलीला झाल्या तर म्हणतो, "त्यांच्यात असतातच." एकच किडा, एकच वर्ग आणि दोन न्याय. या दुसऱ्या वाक्यात स्वच्छतेचा काडीचा संबंध नाही. त्यात आपली जुनी जात बसलेली आहे. उवांना गरीब-श्रीमंत कळत नाही याचा पुरावाही फार जुना आहे. इस्रायलमधल्या लाखीश इथे 2016 मध्ये उत्खननात एक हस्तिदंती फणी सापडली. सुमारे 3700 वर्षांपूर्वीच्या त्या फणीवर अक्षरे कोरलेली आहेत, आणि केसांतल्या व दाढीतल्या उवा या फणीने निघोत अशी इच्छा त्यात लिहिली आहे. तिच्या दातांत उवेचे अवशेषही सापडले. हस्तिदंत परवडणारा माणूस खासच सुखवस्तू असणार. त्याच्याही डोक्यात उवा होत्या, आणि दाढीतही.

गरिबीचा संबंध आहे, पण तो वेगळ्या बाजूने. उवा काढायला पाण्याइतकाच वेळ लागतो. पहाटे कोयता घेऊन फडात जाणारी आई, चार घरची धुणीभांडी करून संध्याकाळी परतणारी आई दोन मुलींच्या डोक्याशी अर्धा-अर्धा तास कुठून बसणार? वर्गात त्या मुलीचा अपमान होतो तेव्हा खरे तर तिच्या आईचा होतो. बापाला कुणी काही विचारत नाही. मुलीच्या डोक्यातल्या उवा हा बापाचाही प्रश्न आहे, असे मानणारे घर मी फारसे पाहिलेले नाही. बापाने, थोरल्या भावाने हातात फणी घेतली तर त्यांचे काय जाते? शिवाय त्यांची स्वतःची डोकीही तपासली गेली पाहिजेत. मुले त्यांच्याजवळच झोपतात.

उवा परत येतात त्यामागचे गणित सरळ आहे. मादी रोज सहा-आठ अंडी घालते आणि ती केसाच्या मुळाशी डिंकासारखी चिकटवते. त्याच लिखा. सात ते दहा दिवसांत त्या फुटतात. त्यातून निघालेली पिल्ले आणखी दहाएक दिवसांत मोठी होऊन अंडी घालू लागतात. आपण रविवारी दुकानातला शाम्पू आणून डोके धुतो. चालत्या उवा मरतात, खाज थांबते, घर निश्चिंत होते. लिखा मात्र बऱ्याचदा तशाच राहतात. पुढच्या आठवड्यात त्या फुटतात, तोवर बाटली कोपऱ्यात गेलेली असते. म्हणून पर्मेथ्रिनसारखे औषध नवव्या दिवसाच्या आसपास पुन्हा लावायचे असते. ही दुसरी खेप चुकली की पहिलीवरचे पैसे वाया गेले. पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला खाज सुटायलाही चार ते सहा आठवडे लागू शकतात. तपासणीत ज्या दिवशी उवा सापडल्या त्या दिवशी मुलीला घरी पाठवण्यात काय अर्थ उरला? महिनाभर ती वर्गात बसतच होती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची वर्षानुवर्षांची भूमिका हीच आहे की उवांसाठी धडधाकट मुलाची शाळा बुडवू नये.

औषध आणा, पण भरवसा फणीवर ठेवा. बारीक दातांची स्टीलची फणी शंभर-दोनशे रुपयांत मिळते आणि वर्षानुवर्षे टिकते. केस ओले करून भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल चोपडायचे, म्हणजे उवांचे पळणे मंदावते. आधी मोठ्या दातांच्या फणीने गुंता काढायचा. मग चांगल्या उजेडात केसांचे भांग पाडत, एकेका बटेवरून बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत न्यायची आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. कानांमागे आणि मानेच्या वर आधी पाहायचे, उवांची मुख्य वस्ती तिथेच. फडक्यावर तपकिरी ठिपके चालताना दिसतील. असे पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी केले की नव्याने फुटलेली पिल्ले मोठी होण्याआधीच निघतात. मुळापासून बोटभर दूर गेलेली पांढरी लीख म्हणजे बहुतेक रिकामे कवच. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, तेवढ्यात आतला जीव कधीच निघून गेलेला असतो. ती दिसली म्हणून मुलीला पुन्हा रागवू नका. पर्मेथ्रिन लावायचे तर कंडिशनर न वापरता केस धुवून टिपून घ्यायचे, औषध दहा मिनिटे ठेवून धुवायचे. ते लावूनही दुसऱ्या दिवशी उवा तितक्याच जोमाने चालत असतील तर त्या औषधाला त्या दाद देत नाहीत असे समजायचे. मग तीच बाटली परत परत न ओतता डॉक्टरांकडे जायचे. अगदी लहान बाळाच्या बाबतीत तर आधीच विचारायचे.

काही घरगुती उपायांविरुद्ध मात्र मला मोठ्याने बोलायचे आहे. घासलेट डोक्याला लावून पोर चुलीजवळ बसले तर काय होईल, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. पिकावर फवारायचे औषध डोक्यावर लावणे म्हणजे विषबाधेला आमंत्रण. ते त्वचेतून अंगात जाते. सीताफळाच्या बिया वाटून केसांना लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि अनेकांना ती निर्धोक वाटते, झाडाचे आहे म्हणून. पण तो लेप ओघळून डोळ्यात गेला तर बुबुळाला जखम होते आणि मूल दिवसेंदिवस डोळा उघडू शकत नाही. हे सगळे उपाय रात्री, दार लावून, कुणाला कळू नये म्हणून केले जातात. लाज इथेही आहेच.

आणि केस कापणे. "भादरून टाका एकदाचे," असे सहज म्हटले जाते. वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत, जिथे मुली एका दालनात एकीला लागून एक झोपतात, तिथे तर हा सोपा उपाय वाटतो. मुलीने स्वतःहून केस कमी करून मागितले तर जरूर करावेत, विंचरायला सोपे पडतात. पण तिच्या मर्जीविरुद्ध तिचे डोके भादरणे ही शिक्षा आहे. विधवांच्या केशवपनाला नकार देत 1890 मध्ये मुंबईच्या नाभिकांनी संप केला होता, नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो उभा केला. बाईचे डोके तिच्या इच्छेविरुद्ध भादरणार नाही, असे त्या कष्टकऱ्यांनी रोजीरोटीवर पाणी सोडून सांगितले. त्यांच्या महाराष्ट्रात एका किड्यासाठी दहा वर्षांच्या मुलीला रडवून तिचे केस उतरवले जावेत, हे मला सहन होत नाही.

मग करायचे काय? उत्तर आपल्याच शाळांत तयार आहे. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, जंतनाशक मोहीम होते. कुणाच्या पोटात जंत आहेत हे कुणी विचारत नाही. सगळी मुले एकाच दिवशी गोळी घेतात, म्हणून कुणाची मान खाली जात नाही. उवांना औषध सरसकट द्यायचे नाही, जिवंत ऊ दिसेल त्याच डोक्याला द्यायचे. पण फणी सरसकट फिरवता येते, आणि सगळ्या घरांत एकाच दिवशी फिरवता येते. आज रमाच्या घरी, पंधरा दिवसांनी सलमाच्या घरी असे चालले तर उवा दोघींमध्ये येरझाऱ्या घालत राहतात. तीस घरांनी एकाच शनिवारी-रविवारी फणी धरली आणि नवव्या दिवशी पुन्हा धरली, तर त्यांना जायला जागा उरत नाही.

शिक्षक म्हणतील, निवडणूक आमच्याकडे, खिचडी आमच्याकडे, आता उवाही आमच्याच माथी का? तक्रार रास्त आहे. शिक्षकांनी डोकी तपासावीत असे मी म्हणतच नाही. वर्गात रांग लावून डोकी तपासणे बंदच झाले पाहिजे. शाळेने एवढेच करावे: एका शुक्रवारी पालकांच्या गटावर नाव न घेता निरोप टाकावा की या आठवड्यात सगळ्यांनी घरातल्या सगळ्यांची डोकी बघा, नवव्या दिवशी पुन्हा बघा. ज्यांच्या घरात मोबाइल नाही त्यांना आशाताईंनी किंवा शेजारणीने सांगावे. स्टीलच्या दहा-बारा फण्या शाळेत ठेवून आळीपाळीने द्याव्यात आणि परत आल्या की उकळत्या पाण्यातून काढाव्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा पिकलेल्या जखमा त्यांना एकांतात दाखवाव्यात. ज्या आईला वेळ नाही तिच्या मुलीचे डोके मैत्रिणीच्या आईने विंचरून दिले तर मी त्याला मोठी समाजसेवा म्हणेन.

जूनमध्ये शाळा उघडतील, पहिली पालकसभा होईल. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे की हा विषय पत्रिकेवर उघडपणे लिहा, सभेला बापांनाही बोलवा, आणि पहिल्या फणीची तारीख त्याच सभेत ठरवा. सभेत एका पालकाने उभे राहून "आमच्याही घरात झाल्या होत्या" एवढे म्हणावे. ते तुम्ही म्हणा.