नीतिमान म्हणजे काय रे?

रविवारची उपासना आम्ही ॲव्हेन्यू रोडवरच्या राइस मेमोरियल चर्चमध्ये कानडीतून करतो. मराठी उरते ती महिन्यातून एकदा, चिकपेटेतल्या कुणाच्या तरी घरी, चार कुटुंबांच्या प्रार्थनेपुरती. गेल्या वर्षी संदेश देण्याची पाळी माझी होती. विषय : विश्वासाने नीतिमान ठरणे. अर्धा तास बोललो. शेवटी मावशी म्हणाली, "आवाज छान लागला तुझा. पण नीतिमान ठरणं म्हणजे काय रे?"

"देव माफ करतो आणि जवळ घेतो."

"अस्सं. मग तू धाकट्याशी बोलतोस का आता?"

दुकानाच्या वाटणीवरून आम्ही भाऊ सहा वर्षं बोललो नव्हतो. खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. तेवढ्यात चहा आला.

अर्धा तास तो शब्द माझ्या तोंडी होता आणि मला कुठेच टोचला नव्हता. सोपी भाषा ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी असते, असं मी तोवर समजत होतो. आता वाटतं, जड शब्दाची खरी सोय बोलणाऱ्याला होते. त्याच्याआड उभं राहता येतं.

पंडिता रमाबाईंची आठवण होते ती इथे. कलकत्त्याच्या पंडितांनी 1878 मध्ये त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, ते संस्कृतवरच्या प्रभुत्वासाठी. त्याच बाईंनी पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना संस्कृत शब्द निग्रहाने टाळले. अडाणी बाईलाही कळावं म्हणून. मला संस्कृत येतच नाही, तेव्हा माझं टाळणं हा त्याग नव्हे. त्यांचा होता. 1922 मध्ये काम संपवून त्या गेल्या. ते भाषांतर मात्र फारसं रुळलं नाही. शब्द साधे, पण वाक्य मूळ भाषेला इतकं चिकटलेलं की वाचताना अडखळायला होतं. म्हणजे साधा शब्द निवडला की काम झालं, असंही नाही.

त्यांच्या तीनशे वर्षं आधी, 1616 च्या 'क्रिस्तपुराणा'त, फादर स्टीफन्सनी जुन्या कवींचे अवघड शब्द सोडून गोव्याच्या लोकांच्या बोलण्यातले शब्द मिसळले. त्यांनी ओवी मात्र सोडली नाही. कानाला गोड लागणं आणि कळणं यांत भांडण नसावं.

पुढच्या महिन्यात पाळी पुन्हा माझी आहे. उतारा करिंथकरांस दुसऱ्या पत्रातला, समेटाचा. धाकट्याचं दुकान मामूलपेटेत आहे, चालत दहा मिनिटं. अजून गेलेलो नाही.