मी गाळलेली ओळ

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नर्सने संमतीचा फॉर्म आणून दिला. तीन पानं, सगळी इंग्रजीत. आई म्हणाली, "तू वाच आणि काय लिहिलंय ते सांग." मी सांगितलं: भूल, रक्तस्राव, इन्फेक्शन, काखेत पाणी साठणं, हाताला सूज येणं. मधली एक ओळ मात्र गाळली. टाक्यांजवळच्या त्वचेला रक्त कमी पडलं तर तेवढी त्वचा मरू शकते, असं तिथे लिहिलं होतं. 'मरणं' हे क्रियापद मला त्या खोलीत नको होतं. शिवाय 'स्तन' हा शब्द मी आईसमोर आजवर उच्चारलेला नाही. आमच्याकडे 'छातीतली गाठ' म्हणतात.

आईने सही केली.

सहाव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तेव्हा जखमेची कड काळी पडलेली होती. मेलेली त्वचा काढावी लागली, रोजचं ड्रेसिंग सुरू झालं, रेडिएशन पुढे गेलं.

माझी पहिली प्रतिक्रिया नोकरीतली. सिस्टीम पडली की आम्ही मूळ कारण शोधतो. मला वाटलं, आधी किमो दिली हेच चुकलं. पण वाचत गेलो तसं ते टिकेना. १९८८ साली अमेरिकेत बी-१८ नावाची चाचणी सुरू झाली. १५००हून जास्त बायका, काहींना किमो आधी, काहींना ऑपरेशननंतर. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही; आधी किमो घेतलेल्यांमध्ये जास्त जणींचा स्तन वाचवता आला. (आईची गाठ आकसली, पण तेवढी नाही.) किमोने पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून ऑपरेशनआधी काही आठवडे थांबतात. आम्हीही थांबलो होतो. आईला डायबेटिस आहे, किमोबरोबरच्या स्टेरॉइडने शुगर चढायची, तेही कारण असेल. किंवा काहीच नसेल. शंभरातल्या काही जणींना हे होतं, आणि त्या काही जणींत आई निघाली.

म्हणजे ती ओळ वाचून दाखवली असती तरी आईने सही केलीच असती, आणि कड काळी पडलीच असती. परिणाम शून्य. मग मी चुकलो कुठे? बरेच दिवस मी याच उत्तरावर निवांत होतो.

एका रात्री ड्रेसिंगनंतर आई म्हणाली, "त्या दिवशी वांगं खायला नको होतं रे."

मावशीने डब्यात भरली वांगी आणली होती. आईने दोन फोडी खाल्ल्या. वांग्याने जखम चिघळते, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. शिवाय तिसऱ्या दिवशी तिने हात उंचावून केस विंचरले होते. तीन आठवडे ती या दोन गोष्टींचा हिशेब मांडत होती, आणि मला वाटत होतं की ती दुखण्याने गप्प आहे.

२००८ सालच्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शुद्धीवर येऊ शकणाऱ्या सज्ञान रुग्णाच्या जागी आईचीही संमती चालत नाही, तातडीचा धोका नसेल तर. तिथे आईने मुलीच्या वतीने हो म्हटलं होतं. माझ्या आईने सही स्वतः केली, पण काय ऐकून करायची ते मी ठरवलं. माझा समज असा की माहिती निर्णयापुरती लागते. निर्णय बदलणार नसेल तर लपवली तरी चालते. पण माणसाला ती नंतरही लागते, आपल्याला जे झालं त्याला नाव द्यायला. मी ती जागा रिकामी ठेवली आणि आईने तिथे वांगं बसवलं.

हेही खरं की ती ओळ ऐकली असती तर त्या रात्री ती झोपली नसती. एक रात्र की तीन आठवडे, हा हिशेब आता सोपा वाटतो. त्या संध्याकाळी माझ्यासमोर फक्त ती रात्र होती. आणि तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरलेलो होतो, हे धरलं तर मी नेमकं कोणाला वाचवत होतो, हे मला छातीठोक सांगता येत नाही.

मी तिला सगळं सांगितलं. फॉर्मची झेरॉक्स काढून ती ओळ दाखवली, मराठीत, 'मरू शकते' म्हणून. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्याच रात्री सांगायचंस. आता आधी मावशीला फोन लाव. तिने तेव्हापासून घरात वांगं आणलेलं नाही."