तपासणी आधी की उपचार?

बारामती व इंदापूर तालुक्यांच्या खेड्यांत अपंग बालकांची सेवा करणारे हात थोडे आहेत. अशा वेळी आधी तपासणी करावी की उपचार, ह्याचा विचार धर्मदृष्ट्या होणे अवश्य आहे.

तपासणी निरर्थक नव्हे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार फिरत्या पथकाने अंगणवाडीतील बालके वर्षातून दोनदा व शाळेतील मुले एकदा तपासावयाची असतात. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानिले आहेत. शेकडा ४० वा अधिक अपंगत्वाच्या दाखल्यावाचून बहुतेक सवलती मिळत नाहीत. घरात लपविलेले मूलही देवाचेच आहे; ते शोधिलेच पाहिजे.

परंतु दाखल्याने आखडलेला पाय मोकळा होत नाही. त्यास आठवड्यांमागून आठवडे व्यायाम पाहिजे. उपचारक एकच असून सर्व दिवस नावे लिहिण्यात गेले, तर अहवाल भरतो आणि बालक तसेच राहते.

बेथेसदा तळ्याकाठी पडलेल्या, ३८ वर्षांच्या दुखणाईत मनुष्याचा आजार उघड होता. उणीव होती ती त्यास उचलणाऱ्याची. प्रभूने त्याची विचारपूस केली व त्यास उठविलेही. म्हणून आम्ही म्हणतो, तपासणी हे वचन आहे व उपचार ही त्याची फेड. दोहोंचे वार वेगळे नेमावे. एकाने दुसऱ्याचा वार खाऊ नये. मंडळीनेही स्वस्थ बसू नये. कागद भरून देणे, बालकास एस. टी.ने पोहोचविणे, उपचारकाने शिकविलेला व्यायाम घरी रोज करण्यास आईस हातभार लावणे, एवढे तर आपल्या हातचे आहे. ज्याचे नाव लिहिले, त्याचे ओझेही उचलावे.