सर्वकाम्याचे नाव

कृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न आपल्या तत्त्वचिंतनात पुरातन आहे. परंतु तो वकिलाच्या खोलीत शिरला म्हणजे त्याचे रूप काहीसे पालटते. फोंड्यातील एका परिचित कुटुंबातील विद्यार्थी मध्यंतरी असाच एक प्रश्न घेऊन माझ्याकडे आला. तो ॲनिमेशन शिकतो. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पाच-सहा सोबत्यांनी मिळून पाच मिनिटांचा एक लघुपट तयार केला. कोणी कथा रचली, कोणी पात्रे रेखाटली, कोणी दिग्दर्शन केले. हा मात्र ‘जनरलिस्ट’, आपल्या भाषेत सर्वकामी. अर्धवट राहिलेली पार्श्वभूमी पुरी करणे, रंग भरणे, एका चित्रातून दुसऱ्या चित्राकडे जाणारी मधली चित्रे काढणे, आवाजाशी ओठांची हालचाल जुळविणे, शेवटी सारे तुकडे जोडणे, हे सर्व त्याच्याकडे आले. नामावलीत त्याचे नाव ‘साहाय्य’ या सदराखाली, तिसऱ्या क्रमांकावर. मुलगा खट्टू होता. सोबत आलेले वडील म्हणाले, “वकीलसाहेब, निष्काम कर्माच्या चार गोष्टी ह्याला सांगा.”

या कामाचा पसारा वाचकांच्या ध्यानात यावा म्हणून थोडा हिशेब मांडतो. सेकंदाला चोवीस चौकटी या मानाने पाच मिनिटांस ७,२०० चौकटी होतात. एकेक चित्र दोन चौकटींना पुरविले, तरी ३,६०० चित्रे हवीत. त्यांतील प्रेक्षकांच्या लक्षात राहतात ती थोडी. बाकीची केवळ हात खालून वर जावा एवढ्यासाठी असतात. तथापि ती नसतील तर हात वर जातच नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा कर्ता चित्रकार, पण चित्रपटाचा कर्ता निर्माता. म्हणजे ज्याने निर्मितीचा पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. खुद्द दिग्दर्शकालाही तेथे स्थान नाही. संयुक्त कर्तृत्वाची व्याख्याही पाहण्यासारखी आहे: एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही, तेव्हा ती कृती संयुक्त. या न्यायाने ज्याने झाड काढले तो त्या झाडाचा कर्ता ठरतो. ज्याने दुसऱ्याच्या झाडाला वाऱ्यावर डोलविले त्याला आपला वाटा दाखविणे कठीण जाते. कायद्याला वस्तू दिसते, सांधा दिसत नाही. हा मी कायद्याचा दोष मानीत नाही. मोजता येईल तेवढेच त्याने मोजावे. पण नीतीचा विचार तेथे थांबत नाही.

भारतीय चित्रपटाच्या आरंभीच असा एक सांधा आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याचे रोप उगवतानाची चौकट-चौकट टिपून एक छोटी फिल्म केली. पैसा लावणाऱ्याची खात्री पटविणे हा तिचा हेतू होता. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ ही फिल्म केली. तीत काड्या हलत होत्या. स्वतः फाळके चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग असे सगळे शिकलेले. सर्वकामी म्हणावे तर तेच आद्य. परंतु त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे काय? कच्च्या फिल्मला अंधारात भोके पाडणे, ती धुणे, चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश परतविणारे पांढरे कापड उन्हात धरून उभे राहणे आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हे त्यांचे काम. भांडवलासाठी दागिनेही त्यांचेच गेले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका करणारे अण्णा साळुंके हे उपाहारगृहातील आचारी; त्यांचे नाव पुस्तकांत येते, आणि यावेच. सरस्वतीबाईंची आठवण मात्र ‘पत्नीची साथ’ या दोन शब्दांत आटोपण्याची आपल्याला सवय आहे. साथ म्हणजे नेमके काय, हे सांगण्याचे श्रम त्या शब्दाने वाचतात. ‘साहाय्य’ हाही त्याच जातीचा शब्द.

आता निष्कामतेचा मुद्दा. आमच्या देवस्थानांच्या आवारात वाढलेल्या माणसाला सेवेची महती सांगण्याची गरज नसावी. पण सेवा म्हणजे बिननावाचे काम, ही समजूत तरी कोठून आली? देवालयात पालखीचा मान कोणाचा, दिवटी कोणाची, चौघडा कोणाचा, हे ठरलेले असते आणि त्यावरून आम्हां वकिलांना कामही मिळते! कवळ्याचे श्रीशांतादुर्गेचे देवालय १७३८ च्या सुमारास नारोराम मंत्री यांनी उभारले, हे येथील शाळकरी मूलही सांगेल. चिरे रचणाऱ्या गवंड्यांची नावे आपण घेत नाही. दात्याचे नाव घेताना आपल्याला निष्काम कर्म आठवत नाही. गवंड्याने नाव मागितले की ते चटकन आठवते. निष्कामता हा स्वतःला करावयाचा उपदेश आहे. फळ ज्याच्या पदरात पडले त्याने तो दुसऱ्यास करू नये. वडिलांना मी हे सांगितले. ते त्यांना फारसे रुचले नाही.

पण दुसरी बाजूही आहे. नाव म्हणजे नुसता मान नव्हे, दायित्वही आहे. चौथ्या मिनिटाला पात्राची सावली उलट्या दिशेला पडली, तर जाब कोणी द्यायचा? जो सगळीकडे असतो त्याला कोठेही नसण्याची सोय असते. सर्वकाम्याला ही सोय मनातून आवडते, असा माझा अनुभव आहे. कचेऱ्यांतही अशी माणसे मी पाहिली आहेत. ज्याला मधल्या चित्रांचे श्रेय हवे, त्याने ती सावली आपली, हेही म्हटले पाहिजे. म्हणून ‘साहाय्य’ हे मोघम सदर त्याच्यावर अन्याय करते, तसेच त्याला आसराही देते. दोन्ही कारणांनी ते नामावलीतून जावे.

उपाय अगदी साधा आहे आणि तो आरंभीच करावयाचा असतो. काम हाती घेतानाच एका वहीत दृश्यागणिक नोंद ठेवावी: चित्र कोणाचे, रंग कोणाचा, जोडणी कोणाची, दुरुस्ती कोणी केली. नामावली त्या वहीवरून लिहावी, मैत्रीवरून नव्हे. लघुपट पुरा झाल्यावर ही वही कोणी लिहू म्हणेल, तर ती लिहिता येणार नाही. तोवर जो तो आपलेच काम आठवीत असतो.