उंट आणि नेढं

परवा शर्टाचं बटण लावायला बसलो. आमच्या हिनं जुने सहा शर्ट देऊन टाकायला काढले होते, त्यातल्या एकाचं बटण तुटलेलं. बटण नसलेला शर्ट दुसऱ्याला देणं बरं दिसत नाही, अशी तात्त्विक भूमिका मी घेतली आणि सुईदोरा माझ्याच गळ्यात आला. पण दोरा नेढ्यातून जाईल तर शपथ! दहा मिनिटं एक डोळा मिटून झटापट केली आणि एकदम तो उंट आठवला.

बायबलातला. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांच्याही शुभवर्तमानांत तो आहे. एक श्रीमंत गृहस्थ येशूकडे येतो. सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळल्यात, म्हणतो. येशू सांगतो, मग आता असेल-नसेल ते विकून गरिबांना दे. गृहस्थ खिन्न होऊन चालता होतो. त्यावर येशू म्हणतो की, असा माणूस देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा सुईच्या नेढ्यातून उंट जाणं सोपं.

त्या मुलुखातलं थोराड जनावर आणि घरातलं सगळ्यात बारीक भोक! बाबिलोनच्या ज्यू पंडितांच्या तालमुदात तर याच कामाला हत्ती जुंपलाय. अर्थ कळायला शिकवणी लागू नये.

पण अर्थ अंगाशी आला की माणूस भाष्यकार होतो. कुणी म्हणालं, उंट नव्हेच तो, दोरखंड! ग्रीकमध्ये उंट म्हणजे 'कामेलॉस' आणि जाड दोर म्हणजे 'कामिलॉस'. एका स्वराचा फरक. ५ व्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या सिरिलनंही दोरच धरला. अहो, पण दोरखंड तरी कुठं जातो? इथं रिळाचा दोरा जाईना!

मग दुसरी टूम निघाली. म्हणे जेरुसलेमला 'सुईचं नेढं' नावाचं एक छोटं दार होतं. ओझं उतरवून, गुडघे टेकून उंट त्यातून आत सरकायचा. ऐकायला गोड. फक्त त्या काळी असं दार असल्याचा पुरावा नाही. शिवाय पलीकडे गेल्यावर ओझं पुन्हा पाठीवर घेता येतं, ही केवढी सोय!

शिष्य त्या मानानं प्रामाणिक. त्यांनी दोरही काढला नाही आणि दारही. ते नुसते हबकले आणि मग तरणार तरी कोण, असं विचारते झाले. माणसाला जे अशक्य ते देवाला शक्य, असं उत्तर मिळालं. एवढा मोठा उंट होता म्हणून हा प्रश्न पडला. दोरखंडाला किंवा दाराला पाहून कोण हबकणार?

तेवढ्यात ही आली. तिनं दोऱ्याचं फिसकारलेलं टोक कातरलं, ओठात धरून ओलं केलं आणि पहिल्याच खेपेला ओवलं. नेढ्याला काहीच करावं लागलं नाही.

बटण लागलं. शर्ट अंगात घालून आरशासमोर उभा राहिलो. म्हटलं, "आता चांगला धड झालाय. कशाला द्यायचा?"

ही काही बोलली नाही. तिनं नुसतं कपाट उघडून ठेवलं. आत अठरा शर्ट टांगलेले.

मी मुकाट्यानं बटणं काढायला लागलो. नवं बटण जरा घट्टच निघालं.