अर्धें राहिलेलें तास

हान्स होल्बाइन यानें रेखिलेल्या मृत्युचित्रांचे लांकडी ठसे बाझल शहरीं हान्स लुट्झेलबुर्गर यानें कोरिले. त्यांत पोप, बादशहा, व्यापारी, बालक, सर्वांस मृत्यु गांठतो. वृद्ध शेतकऱ्याच्या चित्रांत मात्र तो आसूड घेऊन नांगराचे घोडे हांकीत आहे; पलीकडे उपासनामंदिराजवळ सूर्य मावळत आहे. सर्व ठसे पुरे होण्यापूर्वींच, १५२६ सालीं, कोरणाराही वारला. पुढें १५३८ सालीं लियों येथें ४१ चित्रांचें पुस्तक निघालें. मग अपुरें राहिलेलें काम व्यर्थ काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यानें जितकें कोरिलें तितकें नीट कोरिलें, म्हणून तें आजही बोलतें. वाचकहो, आपलें तास पुरें होणें आपल्या हातीं नाहीं. तें सरळ धरणें मात्र आहे.